तिच्या दंडावरची चकती

मनोहर शिगवणच्या दंडावरची चकती दुसऱ्या महिन्यातही पिवळीच राहिली, तेव्हा त्याने ती सोलून काढली आणि बायकोच्या दंडावर लावली.

हा गुन्हा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. घाटवाहिनी बससेवेत पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक चालकाकडून चकती दंडावरून काढणार नाही अशी सही घेतली होती. चकती हिरवी असली तर घाट तुमचा. सलग तीन महिने पिवळी राहिली तर घाट सोडायचा आणि डेपोत बसायचं. तांबडी झाली तर बस आपोआप थांबणार आणि चालकासाठी रुग्णवाहिका निघणार. पलीकडच्या जिल्ह्यात एक चालक स्टिअरिंगवरच गेला होता आणि सोबत सोळा माणसं घेऊन गेला होता, त्यानंतर हा नियम आला. नियम चांगलाच होता. मनोहरनेही तेव्हा मान डोलावली होती, कारण आपली चकती पिवळी होईल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

पण चिपळूण-कराड हा त्याचा रस्ता होता. कुंभार्ली घाटातलं प्रत्येक वळण त्याला आपल्या अंगणासारखं माहीत. डेपोत बसून बस धुण्याच्या कल्पनेनेच त्याचा जीव कासावीस व्हायचा.

चकती म्हणजे रुपयाएवढा पातळ तुकडा. तिच्या पाठीवर केसाहून बारीक सुया. त्या कातडीखालचा द्रव चाखायच्या आणि दर काही मिनिटांनी निकाल डेपोला कळवायच्या. डेपोच्या डॉक्टर तांबोळीबाईंनी पहिल्याच बैठकीत चालकांना ती समजावली होती. बाई बोलायला लागल्या की जांभया देणारेही सरळ बसायचे.

त्यांनी सांगितलं होतं, कोलेस्टेरॉल हे काही विष नव्हे, त्याच्यावाचून शरीराचं पान हलत नाही. पण दाण्याचं कूट उघडं राहिलं की खवट होतं ना, तसे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कणही खवट होतात. त्याला ऑक्सिडीकरण म्हणायचं. असे कण रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरले की शरीर त्यांना शत्रू समजतं. पांढऱ्या पेशी धावत येतात, ते कण गिळत राहतात, गिळून गिळून तिथेच फुगतात, आणि भिंतीच्या आत दाह धुमसायला लागतो. वरून काही दिसत नाही. मग एके दिवशी वरचा पापुद्रा फाटतो, तिथे रक्त गोठतं आणि वाट बंद होते.

हे खवट होणं थोपवणारी द्रव्यं, म्हणजे अँटिऑक्सिडंट, काही शरीर स्वतः बनवतं, काही ताज्या भाज्याफळांतून येतात. एका पारड्यात ती, आणि दुसऱ्यात तंबाखू, जागरण, काळजी, पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल. मागे बसलेल्या कुणीतरी विचारलं होतं, मग त्याच्या गोळ्या नाही का मिळत? बाई म्हणाल्या, मिळतात पुष्कळ, पण गोळ्यांनी हे पारडं सावरल्याचं काही दिसलेलं नाही. जास्त झाल्या तर उलट घोटाळा व्हायचा. नेहमीच्या तपासणीत कोलेस्टेरॉल किती आहे ते कळतं. चकती सांगते ते किती खवट झालंय आणि आत दाह किती आहे.

चकत्या महाग, म्हणून ज्यांच्या हातात दुसऱ्यांचे जीव आहेत अशांनाच त्या मिळत. चालक, वैमानिक, क्रेन चालवणारे. चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या बाईच्या हातात कुणाचा जीव असतो असं यादी करणाऱ्यांना वाटलं नव्हतं.

मनोहरचा हिशेब मात्र साधा होता. त्याने जन्मभर तंबाखू मळली होती, पोट सुटलं होतं. प्रमिला काडीसारखी. तोंडात कधी सुपारीचं खांड नाही. सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळे उपास. कधी अंथरुणाला खिळलेली कुणी पाहिली नाही. चकती माणूस ओळखत नव्हती, तिला फक्त जिवंत दंड लागायचा, आणि प्रमिलाचा दंड हिरवाच असणार याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

प्रमिलाने हसून बाही वर केली. "माझं रक्त चांगलं निघालं तर गाडीवर नावपण माझंच लावा," ती म्हणाली, आणि चकती लावून घेऊन पुन्हा कढईपुढे उभी राहिली. खेर्डीतल्या एका खाणावळीला ती कोंबडी-वड्यांचे वडे तळून द्यायची. शिवाय दोन महिन्यांपासून मनोहरचा वेगळा स्वयंपाक होता. शेवग्याच्या पाल्याची भाजी, नाचणीची ताजी भाकरी, कुळथाचं कढण, जेवणानंतर पेरू नाहीतर आवळा. तांबोळीबाईंनी सांगितलेलं सगळं ती निगुतीने करत होती आणि त्याच्या ताटात वाढत होती.

आठवडा झाला. चकती हिरवी झाली नाही. ती आणखी गडद झाली, आधी हळदीसारखी आणि मग चक्क शेंदरी.

मनोहरला वाटलं, नीट चिकटली नसेल. त्याने ती काढली, पुसली, आपल्या दंडावर लावली. दोन दिवसांत ती पुन्हा पहिल्यासारखी फिकट पिवळी. दोघांत आजारी कोण, ते त्या नाण्याएवढ्या तुकड्याने सांगून टाकलं होतं, आणि त्याला मात्र ते खरं मानायचं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी खूप मिनतवारी करून तो तिला बाजारपेठेतल्या दवाखान्यात घेऊन गेला. चकतीचं अर्थातच काही बोलला नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, हृदयाचा आलेख काढला. कोलेस्टेरॉल व्यवस्थित, आलेखही निर्दोष. वहिनी तुमच्यापेक्षा ठणठणीत आहेत, असं म्हणून त्यांनी मनोहरच्याच पोटाकडे बघून मान हलवली. परतताना प्रमिला रिक्षात बसून त्याची टर उडवत होती. तिची एकच तक्रार होती, की या नादात खाणावळीचे वडे राहिले.

मनोहरही हसला, पण हसू काही आत उतरलं नाही. नेहमीची तपासणी फक्त किती ते सांगते, खवट किती ते नाही, हे बाईंनी बजावलेलं त्याच्या कानात घुमत होतं. प्रमिलाचा शेंदरी आलेख जगात एकाच माणसाला वाचता आला असता, तांबोळीबाईंना. आणि तो आलेख मनोहरच्या नावावर होता. तो बाईंपुढे ठेवायचा म्हणजे आपल्या हाताने स्टिअरिंग सोडून द्यायचं, वर चौकशी.

तरी तो एकदा त्यांच्या खोलीत गेला. काहीतरी विचारायचं म्हणून त्याने विचारलं, चकती कधी चुकते का.

"एखाद्या दिवशी चुकेल. आठवडाभर रोज नाही चुकत," बाई म्हणाल्या. मग पडद्याकडे पाहत त्यांनी भुवया उंचावल्या. "शिगवण, मध्ये तुमची शेंदरी झाली होती. काय झालं होतं?"

त्याच्या जिभेवर आलं होतं. अगदी ओठांपर्यंत आलं होतं. तो म्हणाला, "जागरण झालं जरा."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. पुन्हा अशी झाली तर काम टाकून इथे यायचं, असं त्यांनी सांगितलं. तो बरं म्हणून बाहेर पडला आणि बाहेरच्या नळावर तोंड धुतलं. भित्रेपणाची माणसाला स्वतःलाच कशी किळस येते ते त्याला त्या वेळी कळलं. तरीही तो परत आत गेला नाही.

त्यानंतर घरी तो तिच्याकडे चोरून बघायला लागला. पाणी भरताना ती मध्येच उभी राहायची का? पूर्वीही राहायची का? जिना चढून आल्यावर पदराने मान पुसते, ते नेहमीचं की नवीन? इतक्या वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं, तर आता ताडून कशाशी बघणार? तिला विचारलं की एकच उत्तर, काही नाही झालंय मला. शेवटी एका चतुर्थीला, कामावर निघताना, त्याने आपल्या दंडावरची चकती काढून तिच्यापुढे धरली. या खेपेला फसवायला नव्हे. त्याला फक्त एकदा पुन्हा बघायचं होतं. शेंदरी झाली तर संध्याकाळी तांबोळीबाईंकडे जायचं आणि सगळं ओकून टाकायचं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

प्रमिलाने कपाळावर हात मारला, पण बाही वर केली. मनोहर मोकळ्या दंडाने बसवर गेला.

पोफळी मागे टाकून बस घाट चढायला लागली. अर्धी चढण झाली आणि स्टिअरिंग त्याच्या हातात आपोआप जड झालं. बसचा वेग कमी होत गेला. एका रुंद वळणावर डोंगराच्या कडेला घेऊन बसने स्वतःच ब्रेक लावला, आणि छतातून संथ, गोड आवाज आला, "चालकाची प्रकृती गंभीर आहे. रुग्णवाहिका निघाली आहे. कृपया चालकाला आडवं करा."

समोरच्या पडद्यावर त्याच्या नावापुढे तांबडा ठिपका लागला होता.

क्षणभर मनोहरला काही सुचेना. पुढच्याच क्षणी दहा हात त्याच्यावर पडले. वाहक सारिका धीराची मुलगी होती. तिने त्याला सीटवरून ओढून मधल्या मोकळ्या जागेत निजवलं. कुणी पाणी आणलं, कुणी पंख्यासारखा रुमाल हलवला, कुणी जिभेखाली गोळी सारली. मला काही झालेलं नाय, असं तो ओरडत होता, आणि हृदयविकाराचा प्रत्येक माणूस नेमकं हेच ओरडतो हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे त्याचं कुणी ऐकत नव्हतं. एका धट्ट्याकट्ट्या शिक्षकाने तर त्याचे खांदेच दाबून धरले. चाळीस माणसं एका धडधाकट माणसाला वाचवत होती आणि जिला वाचवायचं ती खेर्डीत घरी एकटी होती.

त्याने कसाबसा हात सोडवून फोन लावला. घरचा फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

रुग्णवाहिका चिपळूणहून निघाली होती. घाटाकडे यायचं म्हणजे खेर्डीतूनच यायचं. म्हणजे ती प्रमिलाच्या दारावरून, भोंगा वाजवत, त्याच्यासाठी धावत येत होती. हे डोक्यात आलं मात्र, मनोहरने शिक्षकाला ढकलून दिलं, उठून बसला आणि सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत फाडली.

"सारिका, बघ. चकती माझ्या अंगावर नाय. बायकोच्या दंडावर हाय. ती घरी एकटी हाय. गाडी तिकडं पाठव."

सारिकाने त्याच्या मोकळ्या दंडाकडे पाहिलं आणि मग तोंडाकडे. पाटणला निघालेले एक म्हातारबाबा नातवाला मांडीवर घेऊन पहिल्याच बाकावर बसले होते. ते सावकाश म्हणाले, "म्हणजे आमचा जीव तुझ्या बायकोच्या दंडावर होता होय?"

सारिकाने नियंत्रण कक्षाला फोन लावून त्याच्या हातात दिला. पलीकडच्या मुलीला पटेना. तिच्या पडद्यावर रुग्ण घाटात दिसत होता. चालकाने स्वतः जबाब दिल्याशिवाय गाडी वळवता येणार नाही, आणि तो जबाब नोंदला जाईल, हे तिने दोनदा सांगितलं.

"मनोहर शिगवण. चकती मी माझ्या हाताने बायकोला लावली. आजच नाही, आधीपण लावली होती. घ्या लिहून. आता वळवा गाडी."

गाडी तोवर खेर्डी ओलांडून शिरगावच्या पुढे आली होती. तिथून ती वळली.

मग त्याने शेजारच्या रेहानाभाभींना फोन केला. दार वाजवून कुणी उघडलं नाही, तेव्हा भाभी मागच्या पडवीतून आत शिरल्या. फोन त्यांच्या हातातच होता, त्यामुळे मनोहरला सगळं ऐकू येत होतं. प्रमिला ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती. कपाळावर घाम, जबडा आवळून धरलेला. उपासाचं पित्त झालंय, सोडा तेवढा आणून द्या, असं ती भाभींना सांगत होती. खालच्या दुकानातून सोडा आणायला भाभी निघाल्याच होत्या.

"भाभी, तिला हलू देऊ नका," मनोहर म्हणाला. "पित्त नाय ते. गाडी येतेय. तिला फोन द्या."

प्रमिलाचा आवाज बारीक झाला होता. "अहो," ती म्हणाली, "गाडीवर असताना फोन कशाला केलात?"

त्यावर त्याला रडू कोसळलं. एवढ्या माणसांदेखत तो लहान मुलासारखा रडला आणि त्याची त्याला लाज वाटली नाही. बसला आता त्याच्या जबाबाने कुलूप लागलं होतं. दुसरा चालक येईपर्यंत ती जागची हलणार नव्हती. घाटातली जी वळणं तो डोळे मिटून उतरला असता, तिथेच तो दगडावर बसून राहिला. वरून येणाऱ्या प्रत्येक वाहनापुढे तो हात जोडून उभा राहायचा. शेवटी कराडहून येणाऱ्या एका टेंपोने त्याला पुढे बसवून घेतलं. रस्ताभर त्याच्या हातातला फोन एकदाही वाजला नाही, आणि स्वतः करून विचारायची त्याची छाती झाली नाही.

प्रमिला वाचली. थोडक्यात वाचली, असं इस्पितळात सगळे सांगत होते. हृदयाच्या पुढच्या वाहिनीत रक्ताची गाठ होती, ती वेळेवर काढली. सोडा पिऊन ती पडून राहिली असती तर दुपारपर्यंत काही उरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तांबोळीबाई आल्या. मनोहर उठून उभा राहिला आणि खाली बघत राहिला. त्या त्याच्यावर संतापलेल्या होत्या आणि ते त्यांनी लपवलं नाही. माझ्या खोलीत आला होतात तेव्हाच बोलला असतात तर ही वेळ आली नसती, एवढंच त्या म्हणाल्या, आणि ते त्याला कुठल्याही चौकशीपेक्षा जास्त लागलं. मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि घरी काय जेवता ते विचारलं.

मनोहरने भराभर सांगितलं. शेवग्याचा पाला, नाचणीची भाकरी, कुळीथ, पेरू, आवळा.

"हे तुमचं झालं," बाई म्हणाल्या. "त्या काय जेवतात?"

त्याला माहीत नव्हतं. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती, मुलगी नाशिकला नांदत होती, आणि आपली बायको काय जेवते हे त्याला माहीत नव्हतं. तो कामावरून यायचा, ती ताट वाढायची, तो जेवून उठायचा, आणि त्यानंतर आत केव्हातरी तिचं जेवण व्हायचं. झालंच असणार, असं तो धरून चालला होता.

उत्तर प्रमिलानेच दिलं, पडल्या पडल्या, अपराध्यासारखं. आदल्या दिवशीचं उरलेलं ती खायची. शिळा भात, परतलेली भाजी. वडे तळून झाले की कढईतलं काळं पडलेलं तेल ओतून देणं तिच्या जिवावर यायचं, म्हणून तेच ती तिच्या फोडणीला घ्यायची, तेच परत तापवायची. उपासाला त्याच तेलात तळलेले बटाट्याचे काप आणि चार वेळा चहा. पेरू आवळे महाग, ते ह्यांचे. त्यांचं काम जोखमीचं. चकती पिवळी झाल्यापासून तिला झोपही धड लागत नव्हती. रोज वाटायचं, आज ह्यांना घाटात काही होईल.

तांबोळीबाईंनी सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितलं, खवट कण, दाह, पारडी, पण या वेळी प्रमिलाचा हात हातात घेऊन, फक्त तिला. मनोहर भिंतीशी उभा राहून ऐकत होता. जे तेल त्याच्या ताटात कधी आलं नाही, ते इतकी वर्षं कुठे जात होतं, ते त्याला आता समजत होतं.

घाट गेला. बस कायमची गेली. चौकशी सुरू झाली, तिचा निकाल काय लागायचा तो लागेल. प्रमिला घरी आली त्या दिवशी मनोहरने आयुष्यात पहिल्यांदा भाकरी थापली. तिच्या कडा फाटल्या, मध्यभाग जाड राहिला. पाल्याची भाजी रेहानाभाभींनी शिकवली तशी केली, कढण केलं, पेरू चिरला. ताट घेऊन तो तिच्यापुढे ठेवायला गेला तर ती गडबडून उठायला लागली.

"आधी तुम्ही जेवून घ्या. मी मागनं बसते."

"तू जेव. मी इथंच बसतो."

ती ताटाकडे बघत राहिली. हात पुढे झाला आणि मागे आला. तो समोर मांडी घालून बसला होता, तिच्या बोटांकडे, तोंडाकडे बघत, कालपरवापर्यंत पडद्यावरच्या ठिपक्याकडे बघायचा तसा. तिच्या छातीत आत्ता काय चाललंय हे सांगायला आता कुठलीच चकती नव्हती. तिने मान खाली घातली.

"असं बघू नका हो," ती म्हणाली. "कुणी बघत असलं की मला घास उतरत नाय."

मनोहरने खिडकीकडे तोंड फिरवलं. पण तो उठला नाही. पाठीमागे भाकरी मोडल्याचा आवाज येईपर्यंत तो श्वास रोखून बसला होता.